गजभारे सरांचा भारी पॅनल

पर्मनंट लोकांच्या स्टाफरूममध्ये प्लॉट जमतात, सोनं जमतं, इंजिनिअर जावई जमतात. आमच्या खोलीत फक्त किस्से जमतात. आम्ही म्हणजे नांदेडच्या एका कॉलेजातले तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. तास घेतला तर पगार, नाही घेतला तर रामराम, आणि दर जूनमध्ये पुन्हा नवा अर्ज. आमची खोली म्हणजे फिजिक्सच्या लॅबला चिकटलेली जुनी स्टोअररूम. तिथं मोडकी स्टुलं आहेत, मैदानावर चुन्याच्या रेघा मारायची गाडी आहे आणि आम्ही आहोत. प्राचार्य एकदा पाहुण्यांना घेऊन आले, तेव्हा त्यांनी या तिन्हींची ओळख एकाच वाक्यात करून दिली होती.

किस्स्यांचं असं असतं की एक सांगायला घेतला की त्याची शेपटी धरून दुसरा येतो. आणि आमच्याकडच्या सगळ्या शेपट्या शेवटी गजभारे सरांच्या लॅपटॉपलाच बांधलेल्या!

खोलीत आम्ही तिघं. मी इतिहासाची, रोज भोकरहून अपडाऊन. बिरादार मॅडम बॉटनीच्या, माहेर उदगीर, त्यामुळे राग आला की कानडीत येतो. आणि गजभारे सर फिजिक्सचे, नायगावकडचे. सरांचं सेट झालंय, पीएच.डी. झालीय, पेपर छापून आलेत. झालं नव्हतं ते एवढंच की कुणी त्यांना पर्मनंट केलं नव्हतं.

तर मागं लातूरच्या एका कॉलेजात फिजिक्सची एक पर्मनंट जागा निघाली. आमच्या भागात अशी जागा निघणं म्हणजे विहिरीला पाणी लागल्यासारखंच, गावभर बातमी होते. सरांच्या वयाकडं बघता ही शेवटचीच होती, हे आम्हाला माहीत होतं आणि त्यांनाही. बिरादार मॅडमनी डबा उघडता उघडता आपलं मत दिलं, "सर, जागा आधी ठरती, जाहिरात मागून निघती."

सर चिडले नाहीत. ते कधीच चिडत नाहीत, त्याचाच आम्हाला जास्त राग येतो. ते म्हणाले, "एकदा मला शिकवताना बघू द्या त्यायला. मंग बोला."

त्यांचा त्यावर खरंच विश्वास होता. आणि तो विश्वास फार खोटाही नव्हता. त्यांच्या तासाला बाजूच्या कॉमर्सची पोरं येऊन बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

*

पहिला किस्सा एसटीचा. अर्ज पोस्टानं पाठवला तर पोचेल की नाही या काळजीनं सर स्वतः लातूरला निघाले. नांदेडच्या स्टँडवर लातूरची गाडी लागली की काय होतं, ते तिथं उभ्या राहिलेल्या माणसालाच माहीत. दारातून चढणं हे नंतरचं काम. आधी खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा, टोपी टाकायची, पिशवी टाकायची. वस्तू पडली की सीट तुमची. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण कंडक्टरसुद्धा मोडत नाही.

सरांच्या एका हातात डब्याची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात लॅपटॉपची बॅग. अर्ज शर्टाच्या आत. गाडी आली, गर्दी धावली, सरांनी नेम धरला आणि खिडकीतून टाकली. टाकल्यावर त्यांच्या लक्षात आलं की डबा अजून हातातच आहे.

दारातून आत शिरेपर्यंत उमरीकडचे एक जाडजूड आजोबा त्या बॅगेवर ऐसपैस बसलेले. सरांना बघून ते लगेच उठले. कायदा तो कायदा. "या मास्तर," ते म्हणाले, "तुमची सीट कुणी घेऊ नये म्हणून मीच बसून राहिलो."

सर लातूरपर्यंत बसून गेले. अर्ज पोचला. मुलाखतीच्या पत्रात मात्र लिहिलं होतं की उमेदवारानं समितीसमोर एक पाठ सादर करायचा आहे आणि लॅपटॉप स्वतःचा आणायचा आहे. लॅपटॉपच्या स्क्रीनवर तोपर्यंत कोळ्यानं घर केल्यासारखी जाळी झाली होती.

*

आता युनूसभाई. देगलूर नाक्याजवळच्या एका गल्लीत त्याचं दुकान. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे, अब्बा रेडिओ, हा लॅपटॉप. तिन्ही पिढ्यांत एक गोष्ट समान, "होत नाही" म्हणून काम परत पाठवणं घराण्याला ठाऊक नाही. त्यामुळे गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि आठवड्याभरात परत येतं.

सरांबरोबर मीही गेले होते, कारण सर एकटे गेले की दुकानदार सांगेल त्याला हो म्हणून येतात. युनूसभाईनं लॅपटॉप उघडला, हळहळला आणि सांगितलं की याची बरोबर स्क्रीन मिळायला वेळ लागेल. मग कपाटातून मऊ फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. हैदराबादला नोकरीला असलेल्या कुणाच्या तरी महागड्या लॅपटॉपमध्ये चहा सांडला होता. लॅपटॉप मेला, पॅनल जिवंत राहिला.

"सर, खरं सांगू? हा पॅनल तुमच्या लॅपटॉपला होत न्हाई," युनूसभाई म्हणाला. "पण तुमच्या लॅपटॉपपेक्षा लई चांगला हाय."

मी लगेच म्हटलं, होत नाही तर नको. पण तोवर त्यानं तारा जोडून पॅनल पेटवला होता आणि सरांनी पेनड्राइव्ह पुढं केला होता. सरांचा पाठ होता इंद्रधनुष्यावर. थेंबात किरण कसा शिरतो, कुठं वळतो, आतून कसा परततो, सगळी चित्रं त्यांनी स्वतः काढली होती. पॅनलवर ते इंद्रधनुष्य उमटलं आणि सर आणखी पुढं वाकले.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "जांभळा बगा. माझ्या जुन्या स्क्रीनवर पारवा आन् जांभळा एकच दिसायचे. मी दोन वेगळे भरले हायत हे मलाच माहीत होतं फक्त."

शाळेत तानापिहिनिपाजा पाठ केलेल्या माणसाला सातही रंग वेगवेगळे दिसले, तर त्याला नाही कसं म्हणायचं?

अडचण एकच निघाली. तार जोडायची जागा या पॅनलला भलत्याच बाजूला होती आणि तार तिथपर्यंत पोचत नव्हती. युनूसभाईनं पॅनल इकडून लावून बघितला, तिकडून लावून बघितला आणि शेवटी डोक्यावर उभा केला. तार पोचली.

"उलटा बसवतो," तो म्हणाला. "आन् आतून सेटिंगमधून चित्र उलटं करतो. उलट्याचं उलटं म्हंजे सुलटं. तुमी तर सायन्सवाले, तुमाला काय सांगायचं."

पॅनल जाड होता, म्हणून झाकण पूर्ण मिटेना. कडेची पट्टी बसेना, तिथं काळी टेप आली. उजेड कमीजास्त करायच्या बटणांचं काम उलट झालं. वाढवायचं दाबलं की कमी, कमीचं दाबलं की जास्त. याबद्दल विचारल्यावर युनूसभाई म्हणाला की ही सवयीची गोष्ट आहे. झाकण बांधायला त्यानं एक रबर दिलं आणि ते फ्री आहे असं दोनदा सांगितलं.

*

लॅपटॉप खोलीत आला त्या दिवशी आम्ही बघायला जमलो. सरांनी बटण दाबलं. आधी कंपनीचं नाव उलटं आलं, मग काही गोल गोल फिरलं, तेही उलटं, आणि मग एकदम सगळं सुलट झालं. बिरादार मॅडमनी हात जोडले. त्यांना वाटलं सरांनी काहीतरी केलं.

चित्र फार सुरेख होतं, यात वाद नाही. फक्त अक्षरं मुंगीएवढी झाली होती. सर दोन दिवस नाक लावून वाचत राहिले. तिसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेले, तपासून घेतलं, नंबर निघाला आणि चष्मा करून आले. चष्मा त्यांना शोभत होता. युनूसभाईला अभिमानानं दाखवायला गेले, तर त्यानं सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं मोठी करून दिली.

चष्मा कशासाठी लावायचा, हा प्रश्न उरला. सर म्हणाले, लातूरला लावतो. वजन पडतं.

*

जुन्या स्क्रीनचा एक मोठा गुण होता, तो गेल्यावरच कळला. समोर बसलेल्यालाच ती दिसायची. जरा बाजूनं बघितलं की काळंभोर. या गुणावर बिरादार मॅडमनी कित्येक मीटिंगा काढल्या होत्या. सरांचा लॅपटॉप मागून घ्यायच्या, मागच्या रांगेत उघडून बसायच्या, चेहरा असा की इतिवृत्त टाइप करतायत.

पॅनल बदलल्यानंतरची पहिलीच मीटिंग. विषय होता वर्गातली हजेरी. प्राचार्य बोलत बोलत फिरायला लागले, ही त्यांची सवय. फिरत फिरत ते मागच्या खिडकीपाशी गेले आणि तिथंच थांबले. बोलणं चालू होतं, पण वेग कमी झाला. हजेरी पंचाहत्तर टक्के असली पाहिजे... असली पाहिजे... असं दोनदा झालं.

नव्या पॅनलचा गुण असा की तो खिडकीतून, दारातून, कुठूनही सारखाच दिसतो. मॅडम ऑनलाइन साड्या बघत होत्या. भाच्याचं लग्न होतं.

मीटिंग संपली, सगळे उठले. प्राचार्य मॅडमजवळ आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "ती मोरपंखी चांगली होती. तुम्ही लवकर पुढं गेलात."

*

त्याच महिन्यात कॉलेज तपासायला बाहेरून एक समिती आली. समिती येणार म्हटल्यावर कॉलेजात जे जे होतं ते सगळं झालं. भिंती रंगल्या, कुंड्या आल्या, ग्रंथालयाला कुलूप होतं ते उघडलं. प्राचार्यांना वृक्षारोपणाचे फोटो दाखवायचे होते. कुणीतरी सांगितलं की गजभारेंच्या लॅपटॉपसारखी स्क्रीन पूर्ण कॉलेजात नाही. लॅपटॉप मोठ्या मानानं केबिनमध्ये गेला. सोबत सर गेले नाहीत. पर्मनंट लोकांच्या कार्यक्रमात तासिकावाल्यांचं काय काम?

मी चहाच्या व्यवस्थेवर होते, म्हणून दाराशी उभी होते. पहिल्या वर्षाचा फोटो आला. प्राचार्य खड्ड्यात रोप लावतायत. दुसऱ्या वर्षाचा आला, प्राचार्य रोप लावतायत. तिसऱ्या वर्षीही लावतायत. कॉलेजच्या जुन्या स्क्रीनवर हे सगळं हिरवं हिरवं दिसायचं. या पॅनलवर रोपाचं एकेक पान दिसत होतं. तिन्ही फोटोंत रोप तेच होतं. त्याची वरची फांदी मोडलेली, तीही तशीच. खड्डाही तोच. आणि कुंडीला नर्सरीवाल्यानं बांधलेली चिठ्ठी, तिच्यावर निळ्या शाईत लिहिलेलं "संध्याकाळी परत".

समितीचे अध्यक्ष पुढं झुकले. त्यांनी चष्मा वर केला.

प्राचार्यांना यातलं काही कळलं नव्हतं. त्यांना वाटलं पाहुण्यांना नीट दिसत नाही. ते म्हणाले, थांबा सर, उजेड वाढवतो. आणि त्यांनी वाढवायचं बटण दाबलं, चांगलं धरून दाबलं. स्क्रीन विझत विझत काळी ठिक्कर पडली.

तांत्रिक अडचण म्हणून सगळे जेवायला उठले. श्रेणी चांगली मिळाली. प्राचार्य आजही सांगतात की गजभारेंचा लॅपटॉप अगदी कुचकामी, ऐन वेळी बंद पडला.

*

मुलाखत जवळ आली तसे सर रोज तास संपल्यावर आमच्यासमोर पाठ करायचे. मला फिजिक्स शाळेतही कळलं नव्हतं. पण आपल्याला जे इंद्रधनुष्य दिसतं, ते शेजारी उभ्या माणसाला दिसतं तेच नसतं, प्रत्येकाचं त्याच्या त्याच्या डोळ्यांपुरतं वेगळं असतं, हे सरांनी सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. बिरादार मॅडमनी मध्ये एकदाही मोबाइल बघितला नाही. त्या कानडीत काहीतरी पुटपुटल्या, आणि त्या दिवशी तो राग नव्हता.

शेवटच्या रविवारी सर लॅपटॉप घेऊन नायगावला गेले, वडिलांना दाखवायला. सोमवारी त्यांनीच आम्हाला सांगितलं. वडील रेल्वेत गँगमन होते. आता पाठ धरली, बाजेवर पडून असतात. गावात सगळ्यांना सांगून ठेवलंय की पोरगं प्रोफेसर आहे. दर भेटीत एकच प्रश्न, पर्मनंट कधी. सर दरवेळी म्हणतात, होईल.

बाजेवर पडून त्यांना स्क्रीन नीट दिसेना, म्हणून सरांनी लॅपटॉप त्यांच्या छातीजवळ वाकडा धरला. शेजारपाजारची चार माणसं आली, ती इकडून तिकडून बघायला लागली. पॅनल असा की सगळ्यांना सारखंच दिसत होतं. सरांनी अख्खा पाठ म्हटला. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "मला हितं पडून येवढं दिसून राहिलं. मंग त्यायला तू कसा दिसंना गेलास इतकी वर्सं?"

सर हे सांगून हसले. आम्ही हसलो नाही. बिरादार मॅडमनी डब्यातली करडईची भाजी सरांच्या ताटलीत वाढली आणि विषय बदलला. मला मात्र रात्री झोपताना पुन्हा ते वाक्य आठवलं, आणि मला फार वाईट वाटलं.

*

मुलाखतीच्या दिवशी आम्ही दोघीही लातूरला गेलो. बिरादार मॅडमनी बहिणीकडं जायचं निमित्त काढलं, मी काढलंच नाही, सरळ त्या दिवशीचे तास बुडवले. या खेपेला सरांनी लॅपटॉप मांडीवर घेतला होता आणि सीट मी रुमाल टाकून धरली. सरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, डोळ्यांवर तो बिनकामाचा चष्मा.

कॉलेजच्या व्हरांड्यात इतर उमेदवार बसलेले. त्यातला एक तरुण मात्र बसला नव्हता. तो आतबाहेर करत होता, शिपाई त्याला ओळखत होता, त्या तरुणानंच आम्हाला पाण्याचा माठ कुठं आहे ते दाखवलं. अगदी सभ्य मुलगा. बिरादार मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं. सर लॅपटॉपचं रबर काढून परत लावत होते.

सरांना बोलावलं. आम्ही व्हरांड्यात थांबलो. वेळ बराच लागला, तेव्हा मॅडम म्हणाल्या, चांगली खूण आहे, ऐकून घेतायत. सर बाहेर आले ते सरळ माठाकडं गेले, पाणी प्यायले, आणि "चला" म्हणाले. परतीच्या गाडीत, अहमदपूर मागं पडल्यावर, त्यांनी सांगितलं. आम्ही विचारलं नव्हतं.

आत टेबलापलीकडं समिती बसली होती. मध्ये अध्यक्ष, शेजारी विषयाचे तज्ज्ञ, कडेला संस्थेचे एक जण. समोर काजूच्या बश्या. प्रोजेक्टर नव्हता. अध्यक्ष म्हणाले, लॅपटॉपच आमच्याकडं फिरवा आणि सुरू करा. सरांनी बटण दाबलं आणि लॅपटॉप फिरवला. आधी नाव उलटं येणार आणि मग सुलट होणार, हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते शांत उभे राहिले.

आदल्या रात्री लॅपटॉपनं आपणहून काहीतरी अपडेट करून घेतलं होतं. युनूसभाईची सेटिंग त्यात गेली. चित्र उलटं आलं ते उलटंच राहिलं.

सर बाजूला उभे होते, पण पॅनलच असा की बाजूनंही सगळं लख्ख दिसत होतं. शीर्षक डोक्यावर उभं, सरांचं नाव डोक्यावर उभं. त्यांनी वाकून युनूसभाईनं शिकवलेली बटणं दाबली, परत दाबली. काही होईना.

"मी घाबरलो," सर आम्हाला म्हणाले. "म्हणलं, गेलं सगळं." ते समितीला म्हणाले, एक मिनिट सर, स्क्रीनचा जरा...

अध्यक्षांनी मोबाइलवरून नजर न काढता हात हलवला. "चालू द्या, चालू द्या. दिसतंय."

सरांनी तज्ज्ञांकडं बघितलं. ते सरळ स्क्रीनकडंच बघत होते आणि मान डोलवत होते. सरांनी पुढचं चित्र लावलं. त्यात जमीन वर होती, माणूस तिला लोंबकळत होता, आणि पाऊस खालून वर चालला होता. सर म्हणाले, पाऊस वरून पडतो आहे. तज्ज्ञांनी मान डोलवली. सर म्हणाले, सूर्य आपल्या पाठीशी आहे. तज्ज्ञ म्हणाले, बरोबर.

मग इंद्रधनुष्याचं चित्र आलं. ज्याच्यासाठी पॅनल बसवला होता ते. ते जेवणाच्या वाटीसारखं उताणं पडलेलं होतं, जांभळा वर, तांबडा तळाला. सरांनी बोट ठेवून सांगितलं की सगळ्यात वरचा रंग नेहमी तांबडा असतो. आणि थांबले. मुद्दामच थांबले. संस्थेच्या माणसानं काजू घेतला. तज्ज्ञ म्हणाले, "छान. पुढं."

"मंग मी बटणं दाबणं सोडून दिलं," सर म्हणाले. "पण शिकवलं पूर्ण. आपल्या खोलीत तुमाला शिकवलं तसंच. एक शब्द कमी केला न्हाई."

शेवटचं चित्र आभाराचं होतं, तेही खाली डोकं वर पाय. अध्यक्षांनी मोबाइल ठेवला आणि पहिल्यांदाच लॅपटॉपकडं नीट बघितलं. इकडून बघितलं, मान वाकडी करून तिकडून बघितलं. सरांना वाटलं, आता दिसणार.

"गजभारे," अध्यक्ष म्हणाले, "डिस्प्ले काय सुंदर आहे हो तुमचा. असा कुठं बसवून मिळतो?"

सरांनी युनूसभाईच्या दुकानाचा पत्ता कागदावर लिहून दिला. सरांची फाईल टेबलावर होती तशीच बांधलेली होती. तो कागद मात्र अध्यक्षांनी नीट घडी घालून वरच्या खिशात ठेवला.